एका बॅटरीवर चालते का?

"वजन बगा साहेब, हातात घेऊन बगा." अर्शदने काचेच्या कपाटातून तिसरे व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट, काढून काउंटरवर ठेवले. "डबल बॅटरीचं मशीन हाय. सकाळी चार्ज केलं की रात्रीपर्यंत बगायला नको."

जयप्रकाशने ते तळहातावर तोलले. बटणावर अंगठा टेकवून पाहिला. मागचे झाकण सरकवले, पुन्हा बसवले, पुन्हा सरकवले. चष्मा कपाळावर चढवून आतल्या दोन खाचा निरखल्या. दाराशी पर्स घट्ट धरून बसलेली हेमा हे सगळे बघत होती. घरचा फ्रिज घेताना या माणसाने एवढा वेळ लावला नव्हता.

मागच्या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला सिगारेट बंद करायला सांगितली होती. दुसऱ्याच दिवशी हेमाला तो इथे आखातात, सनाबिसमधल्या त्यांच्या बिल्डिंगखाली, पार्किंगच्या खांबामागे सापडला. एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्यात सिगारेट. ती ओरडली नाही. वर आल्यावर एवढेच म्हणाली, "ओढता, ते मी सोसलं. लपवता, ते आता सोसवत नाही. पुन्हा लपून ओढलीत तर मी लेकीकडे पुण्याला जाईन, आणि परत येणार नाही."

आज सुट्टीच्या दिवशी जयप्रकाश स्वतःहून म्हणाला, "नईम भागात जायचंय, तूही चल." तिला वाटले, कुठले तरी क्लिनिक असेल. त्याने तिला व्हेपच्या दुकानात आणले होते.

अर्शद रत्नागिरीकडचा. मराठी कानावर पडताच त्याने न विचारता चहा मागवला होता.

"वहिनी, चहा घ्या, थंड होतो. साहेबांना पारख हाय हां. इथं पोरं येतात, रंग बगतात, यल्ला, चला, खलास. साहेब आतून बगतात."

"आतलं त्यांना सगळं कळतं," हेमा म्हणाली. "बाहेर तेवढं काही दिसू देत नाहीत."

अर्शद मोकळेपणाने हसला. जयप्रकाशने मान वर केली नाही.

"यातली एक बॅटरी काढली तर?" त्याने विचारले.

"हे बगा." अर्शदने एक बॅटरी काढून बटण दाबले. पडदा उजळला. "चालतं! एक घरी विसरलात तरी अडत नाय. मस्त डिझाइन हाय."

जयप्रकाशने ते मशीन बाजूला सारले. "हे नको."

अर्शद गोंधळला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, निदान त्याला तसे वाटले. स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरचा काळा, जाडजूड ठोकळा उतरवला. "मग हे बगा. दोन्ही बॅटऱ्यांचा जोर एकावर एक लागतो. धूर असा, की समोरचा माणूस दिसणार नाय."

हेमाने चहाचा कप खाली ठेवला. मनातल्या मनात तिने कपाटावरची बॅग उतरवली होती.

"हे एका बॅटरीवर चालतं का?"

"नाय साहेब." आपल्याच मुलाची खोड सांगावी तसा अर्शदने आवाज खाली आणला. "तेवढा एक दोष हाय. एक काढली की मुकं होतं. कितीपण दाबा."

"काढा बघू एक."

अर्शदने एक बॅटरी काढली. या वेळी बटण जयप्रकाशने स्वतः दाबले. पडदा काळाच राहिला. त्याने उरलेली बॅटरी दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, पुन्हा दाबले, बराच वेळ दाबून धरले. काही झाले नाही.

"हेच द्या," तो म्हणाला. "आणि आत भरायचं लिक्विड सगळ्यात कमी कडक असेल ते."

एवढे दांडगे मशीन आणि लिक्विड सगळ्यात सौम्य! अर्शदने खांदे उडवले आणि प्लास्टिकची एक लांबट डबी काढली. "सुटी बॅटरी खिशात टाकू नका. किल्ली लागली तर पेट घेते. ह्या डबीत दोन्ही बसतात. आणि जोडी मोडू नका. चार्ज करायच्या एकत्र, वापरायच्या एकत्र."

"एकत्रच वापरू. पण डब्या एकेका बॅटरीच्या द्या. दोन."

"दोन कशाला? एकीत मावतात की!"

"दोन द्या."

अर्शदने दोन छोट्या डब्या दिल्या. जयप्रकाशने प्रत्येकीत एक बॅटरी घातली आणि झाकणे नीट दाबून बसवली. एक डबी शर्टाच्या खिशात टाकली. दुसरी घेऊन तो दाराशी गेला आणि हेमासमोर धरली.

"ही तुझ्याकडे."

काउंटरमागे अर्शद बिल करायचे थांबला.

"बाजारात दुसरी मिळते की," हेमा म्हणाली.

"मिळते. सिगारेटही मिळते."

"मग?"

जयप्रकाशच्या कपाळावर घाम आला होता. दुकानातला एसी चालू होता.

"मग काय... हवीशी झाली, की तुझ्याकडे येऊन मागेन."

लग्नाला पंचवीस वर्षे झाली होती. या बाबतीत त्याने तिच्याकडे कधी काही मागितले नव्हते. हेमाने डबी घेतली, पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"रोज रात्री जेवल्यावर, एकदाच," ती म्हणाली. "तेही माझ्यासमोर बसून."