खडखड

लेकीच्या रॅपला मी बडबड म्हणायचे, आणि देशातल्या रॅपरांच्या एका नव्या अल्बमसाठी तीच बडबड निवडली गेली. तिनं ती माझ्या शिलाईमशीनच्या खडखडीच्या तालावर गाऊन मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. ती खडखड नीट टिपायला आज रेकॉर्डिंगवाला माईक घेऊन आला. देवाचं नाव घेऊन पायडल मारलं आणि मशीन मुकाट चाललं. "आई, खडखड कुठे गेली?" "पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून काल दुरुस्त करून घेतलं गं." लेकीचा चेहरा उतरला. रेकॉर्डिंगवाल्यानं घड्याळ पाहिलं. "तासाभरात पाठवलं नाही, तर दुसऱ्याचं गाणं घेतील, काकू." जी कात्री मी लेकीला कागदालाही लावू दिली नाही, तिच्याच टोकानं मेकॅनिकनं आवळलेला मशीनचा स्क्रू सैल केला. टोक मोडलं. पायडल मारलं, चाक डुगडुगलं, घरभर खडखड झाली. म्हटलं, "हं, सुरू कर तुझी बडबड."