दगडांखालचा बर्फ

सकाळी अकराला पुण्यातल्या संशोधन संस्थेत मृदुलाने नकाशावरची एक खडक-हिमनदी पुसली. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या एका उतारावर दगडांखाली बर्फ आहे, असं तिनेच उपग्रहाच्या छायाचित्रांवरून ठरवलं होतं. ऑक्टोबरच्या तिरप्या उन्हातल्या सावल्या तिला सरकत्या बर्फाने पाडलेल्या वळ्या वाटल्या होत्या. जुलैच्या छायाचित्रात तिथे नुसती जुनी दरड होती.

खालच्या गावाचा झरा आटला होता. तिच्या नकाशावर विसंबून माणसं बर्फाचं पाणी आणायला त्या उतारापर्यंत पाट खणत होती. तिने गावप्रधानांना फोन लावला.

“तंडुपजी, खणणं थांबवा. तिथे बर्फ नाही. चूक माझी आहे.”

“काय मॅडम, पुण्यात बसून आमचा बर्फ वितळवलात?” ते हसले. मग म्हणाले, “दुसरा कुठे आहे ते सांगा. तिकडे खणू.”

तिने अख्खं खोरं पुन्हा तपासलं होतं. “कुठेच नाही.”

पलीकडे पहारींचा आवाज चालूच होता.

“मॅडम, हे इथे दुसऱ्या कुणाला सांगू नका,” ते हळूच म्हणाले. “खणतायत तोवर माणसं गावात आहेत.”

सोमवारी नवं छायाचित्र आलं. पाट दरडीच्या आणखी जवळ गेला होता.