कोपऱ्यातली बादली

दारातल्या पहारेकऱ्याने पिशवी तपासून परत दिली आणि अदबीने विचारलं, "तुम्ही बाईंचे मिस्टर ना?" मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. गावात बाईंना मास्तरांची बायको म्हणूनच ओळखत. राजधानीत पाऊल टाकलं आणि सगळं उलटं झालं.

आत चित्रांच्या प्रदर्शनाला ही गर्दी. तिकीट नाही ना, म्हणून, असं मास्तरांनी बायकोला ऐकवलं. बाहेर ऊन, आत गारवा. फुकटचा आडोसा कुणाला नको असतो? बायको नुसती हसली. नव्या चपला चावत होत्या, म्हणून ती दालनातल्या बाकावर टेकली आणि तुम्ही या बघून, असं म्हणाली.

तिचं चित्र समोरच्या भिंतीवर होतं, मी मी म्हणणाऱ्यांच्या रांगेत. एक स्वयंपाकघर, खिडकीतून ओट्यावर पडलेलं ऊन, ओट्यापाशी उभी एक बाई आणि कोपऱ्यात बादली. मास्तरांनी टाकून दिलेल्या रंगांच्या नळ्या पिळून पिळून तिने ते घरीच काढलं होतं. रंग त्यांचे, ब्रश त्यांचे, खाली सही तिची. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय! चित्रासमोर थांबणाऱ्या एकेका माणसाचा मास्तरांना राग येत होता.

एकच दिलासा होता. ती बादली त्यांची होती. मुलांच्या कागदावर आपली रेघ ओढल्याशिवाय मास्तरांचा हात कधी मागे आला नव्हता. बायको बहिणीकडे गेली होती, चित्र घरात ओलं उभं होतं आणि तिची बादली एका बाजूला कलली होती. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी ती खरवडली आणि तिथे आपली काढली. काठ, कान, कडी, सावली, सगळं नियमात. बायको परत आली, काही बोलली नाही. तिला कळलंच नाही, असं मास्तर धरून चालले होते.

एक कॉलेजातली मुलगी चित्रासमोर कितीतरी वेळ उभी होती. मास्तरांनी शेजारी जाऊन घसा खाकरला.

"त्या बादलीकडे बघ," ते म्हणाले. "कशी बसलीय जमिनीवर."

मुलीने वाकून बघितलं. "हो काका, अगदी बरोबर काढलीय." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण या घरातली वाटत नाही. बाकी सगळं वापरातलं आहे. ही आत्ता दुकानातून आणून ठेवल्यासारखी."

मास्तर तिला बरंच काही सांगणार होते. तुला चित्रातलं काय कळतं, इथपासून सुरुवात करणार होते. पण ती पुन्हा चित्रात रमली होती आणि बादलीकडे बघतही नव्हती. ते बाकाशी आले आणि बायकोशेजारी बसले. समोर माणसांच्या पाठींनी चित्र झाकून गेलं होतं.

"ती बादली," ते म्हणाले.

"तुमची आहे," बायको म्हणाली. "बहिणीकडून आल्या आल्या दिसली मला."

"मग खरवडून टाकायची होतीस. तुझी तू परत काढायची." आवाज जरा जास्तच चढला. शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

"टाकणार होते." ती टाच चोळत होती. "मग म्हटलं, राहू दे. ती गेली असती, तर तुम्ही माझं चित्र कधी बघितलंच नसतं."

मास्तरांना ते फार लागलं. मी घरी रोज बघत होतो, आत्ताही तेच बघत उभा होतो, असं तिला ठणकावून सांगायचं, एवढ्यासाठी त्यांनी चित्र मनातल्या मनात डोळ्यांपुढे आणलं. बादली आली. काठ, कान, कडी, सावली. ओट्यापाशी उभी असलेली ती बाई कुठे बघत होती, ते मात्र काही केल्या आठवेना.