माळढोक की तणमोर

तारामतीबाईंच्या पत्राला मी पावसाळाभर उत्तर दिलं नव्हतं. लातूरच्या भूकंपानंतर आम्ही दोघं मुखेडच्या माळावर पक्षी मोजत हिंडायचो. आता त्यांनी विचारलं होतं, “पैसा एकाच पक्ष्याची अंडी केंद्रात उबवून पिल्लं वाढवण्यापुरता आहे. माळढोक की तणमोर? आमच्या पक्षी-संवर्धन समितीला तुमचं मत हवंय.” एक निवडायचा म्हणजे दुसरा संपू द्यायचा. रोज लिहायचो, रोज फाडायचो. लातुरात नीटच्या क्लासला आलेली नात वैतागली. “आजोबा, चुकलं तर एकच मार्क जातो. तुम्ही पेपरच कोरा देऊन राहिले!” माळढोकासाठी बोलणारे पुष्कळ. मला तणमोर आठवला. गवतात लपणारा, पण मादीला दिसावं म्हणून गवताच्या वर उंच उड्या मारणारा. बाईंनी तो दाखवला, तेव्हा मी मान खाली घालून नुसता आकडा लिहिला. “तणमोर,” मी लिहिलं. “पाहायला सोबत याल?” पाकीट टपालपेटीत टाकून लगेच बोटं आत घातली. पोचली नाहीत.