मोठी दिसू दे

नाझनीनच्या शेवगावातल्या पार्लरमध्ये आलेली प्रत्येक नवरी एकच हट्ट धरायची: गोरी कर आणि वय कमी दाखव. पाथर्डीकडून लेकीला घेऊन आलेली राहीबाई मात्र खुर्चीला खेटून उभी राहिली आणि म्हणाली, "गोरी नगं करू ताई. मोठी दिसू दे. मांडवात कुनी बोट दाखवाया नको."

नाझनीनने आरशात पाहिलं. नवरीच्या वेण्यांना अजून लाल रिबिनी होत्या.

"मावशी, वय काय हिचं?"

"सातवीला हाय मी," मुलगीच बोलली.

राहीबाईने तिला गप्प केलं आणि नाझनीनपुढे हात जोडले. "चार दिसांनी ऊसतोडीला निघायचंय. हिला मागं कुनाच्या जिवावर ठिवू? फडावर तरी कुठं लपवू? तूच सांग बाई!"

पोलिसांना कळवायला नाझनीनचा फोन हाताशीच होता, पण त्या जोडलेल्या हातांपुढे तो उचलायचं बळ तिला आलं नाही. तिने रिबिनी सोडल्या, अंबाडा घातला, भुवया रेखल्या, काजळ ओढलं. बघता बघता आरशात एक बाई येऊन बसली. राहीबाईला ते बघवलं नाही. पदर तोंडाला लावून ती बाहेर गेली.

आई गेलेली पाहून मुलीने हळूच नाझनीनची ओढणी ओढली.



"ताई, गॅदरिंगला मला म्हातारी केलं हुतं, ते खोबरेल तेलानं निघालं. हे कशानं निघंल?"