आवारातल्या गाड्या

"गाडी नाही म्हणजे? मग बुकिंग कशाचं घेतलंत तुम्ही?"

काउंटरपलीकडची बाई रडकुंडीला आली होती. कडेवर पेंगुळलेलं मूल. तिला आजारी वडिलांकडे पोचायचं होतं.

भाड्याने गाड्या देणाऱ्या मालकाने पुन्हा बुकिंगची वही चाळली. सकाळी परत येणारी गाडी आधीच्या गिऱ्हाइकाने फोनवरच आठवडाभर वाढवून घेतली होती. गेले कित्येक महिने हेच चाललं होतं. साथीत गाड्या होत्या, माणसं नव्हती. आता विमान नको, आगगाडी नको, आपली आपण गाडी बरी, असं म्हणत जो तो दारात उभा, आणि गाड्या नाहीत. नव्या घ्याव्यात तर शोरूमवाला पुढच्या वर्षाचा वायदा करत होता. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले, तर दात पडलेले.

शेवटी त्याने स्वतःच्या वापरातली गाडी तिला देऊन टाकली आणि पायीच घरी निघाला. लोक अजून त्याला मालक म्हणत. नावाचा मालक.

चालता चालता राग नेहमीच्या जागी जाऊन बसला. त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींवर.

टाळेबंदीच्या तोंडावर त्याला गाड्या ठेवायची भाड्याची जागा सोडावी लागली होती. सगळ्या गाड्या त्याने राहत्या इमारतीच्या आवारात आणून दाटीवाटीने लावल्या, बायकोला आणायला सासुरवाडीला गेला आणि तिथेच अडकला. एक दिवस सेक्रेटरींचा फोन आला. "गाड्या काढा. लगेच काढा." त्याने परोपरीने विनवलं. "थोडं सांभाळून घ्या ना. सध्या आवारात येतंय-जातंय कोण?" पलीकडून फोन ठेवला गेला. मग तिथूनच फोनवर बहुतेक गाड्या येईल त्या भावात विकून टाकाव्या लागल्या. तेव्हापासून त्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आले की तो मोबाईल कानाला लावी.

आवारात शिरला आणि थबकला. भिंतीकडेने गाड्याच गाड्या. कुणावर कापड, कुणावर बोटभर धूळ. अर्ध्या इमारतीचं ऑफिस आता घरातच भरत होतं. या गाड्यांना कुठे जायचंच नव्हतं. तो गाव पालथं घालत होता आणि कळसा काखेत होता. यांच्याच गाड्या भाड्याने फिरवल्या तर?

पण सेक्रेटरींनी मान हलवल्याशिवाय या इमारतीत पान हलत नसे. तो बराच वेळ जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला. मग अपमान गिळून वर गेला.

सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. "चांगलं आहे की. मी बोलतो सगळ्यांशी," ते म्हणाले. "माझ्या गाडीपासून सुरुवात करा. थांबा, कागद आणतो." आणि आत गेले.

इतक्या सहज हो म्हटल्यानेच त्याचं डोकं फिरलं. खिडकीशी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. नाकाला प्राणवायूची नळी.

"काकू, तेव्हा काकांनी एवढं ऐकलं असतं, तर माझा धंदा वाचला असता."

काकूंनी त्याच्याकडे मान वळवली. त्यांना दम खात बोलावं लागे.

"त्या दिवशी अँब्युलन्स फाटकातच अडली. तुमच्या गाड्यांमधून वाट नव्हती. ह्यांनी आणि वॉचमनने मला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. थोडा उशीर झाला. म्हणून ही नळी."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी म्हटलं होतं, सांगा. तर हे म्हणाले, पोराच्या गाड्या हातच्या चालल्यात, ते काय कमी आहे? वर त्याची झोप कशाला घालवायची?"