टेकूतला माणूस

ड्रिल मशीन धरणाच्या टेकूला लागलं आणि ऑपरेटरने हात मागे घेतले. आधी गोमतीबाईला विचारा, म्हणाला. हा माणूस परजिल्ह्यातला, तांड्यावर नुकताच आलेला, पण रामधनची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच होती.

जिनल वैतागली. कारंज्याच्या कापडदुकानदाराची ही मुलगी इंजिनीअर झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर धरण तपासत होती. आणि धरणही असं, की तिने आजवर फक्त पुस्तकात पाहिलेलं. पाण्याच्या बाजूला तिरपी, पातळ भिंत. तिच्या पाठीशी ओळीने उभे टेकू. दोन टेकूंच्या मधे माणूस आरामात फिरेल अशी मोकळी जागा. अशा धरणाला सिमेंट कमी लागतं. तिरप्या भिंतीवर पाण्याचं ओझं पडतं आणि तेच ओझं धरणाला खाली दाबून जागेवर धरून ठेवतं. जिनलला ही युक्ती फार आवडायची.

तांड्याला असल्या युक्त्या पटत नव्हत्या. धरण उभं आहे ते रामधनमुळे, एवढं त्यांचं ठाम होतं. बांधकामाच्या वेळी रामधन काँक्रीट ओतणाऱ्या टोळीचा मुकादम होता. एका सकाळी तो आलाच नाही. मधल्या टेकूच्या साच्याच्या फळ्यांपाशी त्याच्या चपला तेवढ्या सापडल्या. आदल्या दिवशी ओतलेला माल तोवर घट्ट झाला होता. कोणी म्हणालं पाय घसरला, कोणी म्हणालं धरणाने बळी घेतला. भिंत फोडून बघायची कोणाची छाती झाली नाही. तेव्हापासून धरण भरलं की पहिला नारळ या टेकूपाशी फुटतो, आणि तो गोमतीबाईच्या हातून.

गोमतीबाई रामधनची बायको. तेव्हा तरणीताठी होती, आता केस पांढरे झालेत. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती टेकूपाशी येते, दोन्ही तळहात भिंतीवर ठेवते, कान लावते आणि परत जाते. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, ती भिंतीला पुरती टेकत नाहीत. कशाने वाकली, हे कोणी विचारत नाही. अख्ख्या तांड्यात दाराला कडी नसलेलं घर तिचं एकटीचं. रामधन गेला त्याच आठवड्यात तिने कडी उपटून नाल्यात फेकली. नवरा आलाच तर दार उघडं असावं म्हणून, असं बाया सांगतात आणि सांगता सांगता पदर डोळ्यांना लावतात. ऐकताना जिनललाही भरून आलं होतं.

आता त्याच टेकूच्या बुडाशी भेग दिसत होती. आत पोकळी असली तर पावसाळ्याआधी ती भरणं भाग होतं. तांड्याचे नाईक हरिसिंग म्हणाले, गोमती हो म्हणेल तरच छिद्र पाडा. ती आडवी येणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ती आली. मशीनकडे बघितलं, भेगेवरून बोट फिरवलं.

"पाड छिद्र," ती जिनलला म्हणाली. "पन आत तो हाय का नाही, मले खरं सांगजो. लपवजो नको."

जिनलने शब्द दिला.

छिद्रातून काँक्रीटचे दंडगोल तुकडे निघाले, अगदी अखंड. भेग वरवरची होती. काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण त्या वाकड्या बोटांचा हात जिनलच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने शहरातून दुसरं यंत्र मागवलं. टेकूच्या एका बाजूने आवाजाची लहर सोडायची आणि दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते बघायचं. आत पोकळी असली की लहर वळसा घालून येते, तिला उशीर होतो. जिनलने तळापासून माथ्यापर्यंत हातभरही जागा सोडली नाही. एवढा खटाटोप धरणासाठी नाही, गोमतीबाईसाठी चालला होता.

कुठेच उशीर लागला नाही. टेकू पहिल्यापासून भरीव होता.

जिनलला इतका आनंद झाला, की तिने हरिसिंगांना बरोबर घेतलं आणि तडक गोमतीबाईचं घर गाठलं. ती दारात बसून तूर पाखडत होती. जिनल तिच्याजवळ उकिडवी बसली. आपण हिला केवढं मोठं काही द्यायला आलो आहोत, या विचाराने ती पाखडणं थांबायचीही वाट न बघता बोलली.

"मावशी, टेकूत कोणी नाही. कधीच नव्हतं. रामधनकाका कुठेतरी असतीलसुद्धा."

हरिसिंगांनी आपसूक हात जोडले.

सूप गोमतीबाईच्या मांडीवर टेकलं. तूर अंगणात सांडली, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. नक्की का, तिने विचारलं. नक्की, जिनल म्हणाली. गोमतीबाईने धरणाकडे पाहिलं नाही. तिने रस्त्याकडे पाहिलं, बसथांब्याकडून तांड्यावर येणाऱ्या. मग मागे वळून दाराच्या चौकटीकडे पाहिलं. कडीच्या खिळ्यांची भोकं तिथे अजून होती. डावा हात तिने पदराखाली ओढून घेतला, आणि तेव्हा कुठे जिनलला ती बोटं कशाने वाकली ते कळलं.

"रोज जाऊन पाहून येत होती मी," गोमतीबाई हळूच म्हणाली, "का तो तिथंच हाय ना."

रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी तिची नजर तिथून हटेना.

"नाईक," ती म्हणाली, "आज मंगरूळले जासान तं मले एक कडी आणून देजा. आतून लावाची."